पिवळ्या रंगाचा माग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी मला सातवीत विज्ञान शिकवले. कोणताही पदार्थ टेबलावर ठेवला की ते दोन प्रश्न विचारायचे : हे आले कुठून, आणि जाणार कुठे? मीठ पाण्यात दिसेनासे झाले, मग गेले कुठे? मेणबत्ती संपली, मेण कुठे गेले? पुढे मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. वर्गात जे काही सांगितले त्याच्या मुळाशी गुरुजींचे हे दोन प्रश्न होते. आज तेच घेऊन मी आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या एका वाटीचा माग काढणार आहे. ती वाटी हळदीची आहे.

सांगलीत उभे राहून हळदीवर बोलायला धीर लागतो. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची घरे तिच्यावर उभी राहिली आहेत, माझेही त्यातच आले. माझे वडील इथल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन पोत्यांवर बसून अभ्यास करायचे. सौद्याच्या वेळी व्यापारी मूठभर हळकुंडे उचलायचा, त्यातले एक कटकन मोडायचा, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा आणि मगच भाव बोलायचा. ‘बाहेरची चमक पिंपाची, आतला रंग हळदीचा’, असे वडील सांगायचे. पिंप म्हणजे पॉलिशचे. शेतातून काढलेली हळद शिजवायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि मग पत्र्याच्या फिरत्या पिंपात घालून घासायची. खरबरीत साल निघून जाते, हळकुंड गुळगुळीत होते. मी सांगणार आहे ती सगळी गोष्ट या पिंपापाशी घडते, मात्र आपल्या गावात नाही. ती बांगलादेशात घडली.

ढाक्याला आयसीडीडीआर,बी नावाची संशोधन संस्था आहे. जुलाबाने कोमेजलेल्या मुलाला मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवता येते, हे जगाला पटवून देण्यात तिच्या आधीच्या कॉलरा प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. या संस्थेने आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने मिळून किशोरगंज, मैमनसिंग आणि टांगाईल या ग्रामीण जिल्ह्यांतल्या ४३० गरोदर स्त्रियांचे रक्त तपासले. त्यातल्या ३१ टक्के स्त्रियांच्या रक्तात दर डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे निघाले. डेसीलिटर म्हणजे चहाच्या कपाएवढे रक्त, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आकडा एवढासा दिसतो. पण शिशाच्या बाबतीत ‘इतके चालेल’ अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. अमेरिकेत मुलांच्या रक्तासाठी धोक्याची खूण १९९१ मध्ये १० वर होती, २०१२ मध्ये ती ५ वर आणली, २०२१ मध्ये साडेतीनवर. दर वेळी अभ्यास वाढला आणि खूण खाली आली.

संशोधक चक्रावले, कारण या बायका कारखान्याजवळ राहत नव्हत्या. पेट्रोलमधले शिसे बांगलादेशाने कधीच बंद केले होते. मग आले कुठून? त्यांनी घरे पिंजून काढली. शेतातली कीटकनाशके तपासली, झाळलेले डबे तपासले, माती, तांदूळ, सगळे. शेवटी बोट हळदीवर येऊन थांबले. यात शिशाच्या एका गुणाने मदत केली. निसर्गात शिशाची चार स्थिर समस्थानिके असतात आणि ज्या खाणीतून शिसे निघाले तिच्याप्रमाणे त्यांचे आपसातले प्रमाण बदलते. त्यामुळे शिसे कुठेही गेले, रक्तात, हाडात, धुळीत, तरी आपली ओळख सांगते. स्त्रियांच्या रक्तातल्या शिशाची ओळख त्यांच्या घरातल्या हळदीतल्या शिशाशी जुळली.

हळदीत ते लेड क्रोमेटच्या रूपात होते. १७९७ साली व्होक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्रोमियम शोधले आणि पुढे त्याच्या शिशाबरोबरच्या संयुगापासून एक लखलखीत पिवळा रंग तयार झाला. क्रोम यलो म्हणून तो चित्रकारांना ठाऊक आहे. आजही कारखान्यांच्या रंगांत आणि रस्त्यांवरच्या पट्ट्यांत तो वापरला जातो. बांगलादेशच्या बाजारात त्याला ‘पिउरी’ म्हणतात, कुठे ‘वासंती रंग’ म्हणतात. नाव किती गोड आहे! पॉलिशच्या पिंपात हळकुंडांबरोबर हा रंग टाकला की काळवंडलेला, सुरकुतलेला मालही सोन्यासारखा उजळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाहणी केलेल्या ९ जिल्ह्यांपैकी ७ जिल्ह्यांत याचा पुरावा मिळाला. काही नमुन्यांत दर ग्रॅम हळदीमागे हजाराहून जास्त मायक्रोग्रॅम शिसे होते.

हजार म्हणजे काय, ते हिशोबाने पाहू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अन्नातून पोटात जाणाऱ्या शिशाची दिवसाची संदर्भ-मर्यादा लहान मुलांसाठी २.२ मायक्रोग्रॅम आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. आमटी, भाजी, पोहे मिळून एखाद्याच्या ताटात दिवसाला पाव ग्रॅम हळद गेली, तर अशा हळदीतून २५० मायक्रोग्रॅम शिसे गेले. मुलाच्या मर्यादेच्या शंभर पटींहून जास्त. आणि गरोदर बाईला आपण हळदीचे दूध आवर्जून देतो, बाळंतिणीलाही देतो.

आता गुरुजींचा दुसरा प्रश्न : जाणार कुठे? शरीराला शिसे कॅल्शियमसारखे भासते. त्यामुळे कॅल्शियमसाठी असलेल्या दारांतून ते आत शिरते आणि जिथे कॅल्शियम साठते तिथेच, म्हणजे हाडांत आणि दातांत, जाऊन बसते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते, हाडातले मात्र दशकानुदशके राहते. बाई गरोदर राहिली की बाळाची हाडे घडवण्यासाठी तिचे शरीर आपल्या हाडांतले कॅल्शियम सोडू लागते. त्याच्याबरोबर शिसेही सुटते आणि नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. म्हणजे मुलीने दहाव्या वर्षी खाल्लेले शिसे पंचविसाव्या वर्षी तिच्या बाळाच्या मेंदूत जाऊ शकते. माझ्या सगळ्या शिकवण्यात ‘पदार्थ नष्ट होत नाही’ या नियमाचे इतके जीवघेणे उदाहरण मला दुसरे मिळाले नाही.

मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो हे एका साध्या युक्तीने दाखवून दिले ते हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरने. रक्त आज काय ते सांगते, पण मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब हवा तर दात पाहायला हवा, हे त्याने ओळखले. मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी आणि समरव्हिल या दोन गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात त्याने गोळा केले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्या मुलांची बुद्ध्यांकाच्या चाचणीत कामगिरी कमी, वर्गात लक्ष कमी, असे १९७९ मध्ये त्याने प्रसिद्ध केले. ही मुले आजारी दिसत नव्हती. कुणी त्यांना दवाखान्यात आणले नव्हते. शिशाबद्दल सगळ्यात वाईट हेच आहे की ते ताप आणत नाही, पुरळ आणत नाही. मूल जरा मागे पडते, जरा चिडचिडे होते, आणि आपण म्हणतो, ‘याचे डोकेच तेवढे.’ शिक्षक म्हणून मी माझ्या वर्गात किती मुलांबद्दल मनातल्या मनात असे म्हटले असेल, या विचाराने आता जीव कासावीस होतो.

मोठ्यांवरही परिणाम आहे. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे झिजतात, हृदयावर ताण येतो. जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात शिशामुळे हृदयरोगाने दगावलेल्या प्रौढांची संख्या सुमारे ५५ लाख होती.

आणि हे शिसे सगळ्यांच्या पोटात सारखे शोषले जात नाही. मोठ्या माणसाच्या पोटात शंभर भाग शिसे गेले तर साधारण दहा भाग रक्तात उतरतात. लहान मुलाच्या बाबतीत हे चाळीस-पन्नास भागांपर्यंत जाते. शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याहून जास्त, कारण भुकेले आतडे जे हाताला लागेल ते आत ओढून घेते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६७ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रासलेली आहेत. याचा अर्थ एकच हळद दोन घरांत गेली, तर ज्या घरात दूध-भाजी-डाळ पोटभर नाही तिथल्या मुलाला ती जास्त बाधते. अन्नातले विष आणि अन्नाची कमतरता यांना आपण दोन खात्यांत घालतो, दोन वेगळ्या योजनांत घालतो. मुलाच्या आतड्यात ती दोन्ही एकत्र येतात.

असो. मी पिंपापाशी परत येते, कारण मला ‘हे केले कुणी?’ यापेक्षा ‘हे करावेसे का वाटले?’ हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी शेतकरी, पॉलिशवाले, व्यापारी अशा सगळ्यांना गाठून विचारले. त्यांच्या सांगण्यातून या रंगवण्याचा माग १९८० च्या दशकापर्यंत गेला. त्या दशकात बांगलादेशात महापूर आला, हळद भिजली, नीट वाळली नाही, फिकी पडली. फिकट माल कुणी घेईना. मग कुणीतरी पिंपात रंग टाकला. माल उठला. पुढच्या वर्षी पूर नव्हता, पण घेणाऱ्याच्या डोळ्याला आता त्या पिवळ्याची सवय लागली होती. रंग न टाकणाऱ्याची हळद त्याच्या शेजारी मळकी दिसू लागली. ज्याने रंग टाकला नाही तो मागे पडला. हा रंग अपायकारक आहे हे बहुतेक पॉलिशवाल्यांना माहीतच नव्हते. आणि त्या पिंपातून उडणारी पिवळी धूळ दिवसभर त्यांच्याच नाकातोंडात जात होती.

ही हकिगत वाचताना मला २००५ चा आपला पूर आठवला. हरिपूरची पेवे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या घट्ट मातीत खणलेल्या खोल कोठारांत हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय टिकायची. त्या पुराचे पाणी पेवांत शिरले आणि कितीतरी पेवे कायमची निकामी झाली. वडील तेव्हा थकले होते, तरी काठीच्या आधाराने हरिपूरला जाऊन आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. भिजलेल्या हळदीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटते ते मी माझ्या घरात पाहिले आहे. म्हणून त्या दूरच्या पॉलिशवाल्याला खलनायक म्हणणे मला जमत नाही. त्याच्यापुढे नुकसान होते, रंगाचे पोते स्वस्त होते, तपासणारे कुणी नव्हते आणि गिऱ्हाईक पिवळे मागत होते. हे चार एकत्र आले की हे कुठेही घडेल.

गिऱ्हाईक म्हणजे आपण. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ किंवा ‘पी हळद नि हो गोरी’ असे म्हणताना आपण हुरळण्याला आणि उतावीळपणाला हसतो, पण वाण्याकडे गेलो की डोळा झळझळीत पिवळ्यावरच जातो. सुकी, चांगली हळद जराशी मातकट पिवळी असते, मोडल्यावर आत केशरी निघते. पुडीवरच्या चित्रासारखी ती दिसत नाही. तेव्हा ही आवड बदलायला हवी, हे मी मान्य करते. पण एवढ्यावर थांबायला मात्र मी मुळीच तयार नाही. अन्नातल्या विषाची गोष्ट निघाली की आपण लगेच गृहिणीकडे वळतो. नीट बघून घे, धुऊन घे, सोलून घे, घरीच दळून आण. पाण्यात हळकुंड टाकून रंग सुटतो का बघ. ही चाचणी चांगली आहे, शाळेत जरूर करून दाखवावी. रंग भरभरून थापलेला असेल तर ती पकडते. पण लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, आणि थोड्या प्रमाणात हळदीच्या पुडीत मिसळलेले ते जगातल्या कुठल्याही बाईच्या डोळ्याला, नाकाला, जिभेला कळणार नाही. त्याला चव नाही. हळकुंड घरी आणून दळले तरी रंग हळकुंडावरच बसलेला असेल, तर आपण तो आपल्या हातांनी दळून आणतो. जे कळणे शक्यच नाही ते ओळखण्याची जबाबदारी स्वयंपाकघरावर टाकणे हा अन्याय आहे.

हाच अन्याय मी २०१७ मध्ये यवतमाळच्या बाबतीत पाहिला. त्या पावसाळ्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती, कीटकनाशकाचा फवारा वर धरावा लागत होता, वारा फिरला की फवारलेले अंगावर, तोंडावर येत होते. आपला शेतकरी त्याला ‘औषध’ म्हणतो, ‘औषध मारायला गेलो होतो’ असे म्हणतो. त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले, कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. आणि सर्वांत आधी काय ऐकू आले? त्यांनी मास्क लावला नव्हता, हातमोजे घातले नव्हते. सप्टेंबरच्या उकाड्यात, चिखलात, पाठीवर पंप घेऊन, रोजाने दुसऱ्याच्या रानात काम करणाऱ्या माणसाला हे विचारले गेले. अशी मिश्रणे विकू कुणी दिली, तालुक्याच्या दवाखान्यात उतारा होता का, हे प्रश्न नंतर आले. आडात जे आहे तेच पोहऱ्यात येणार. पोहरा ओढणाऱ्याला दोष देऊन आड स्वच्छ होत नाही.

मग आडापाशी काय करायचे? बांगलादेशाने ते केले, म्हणून मी त्यांचे उदाहरण इतके लांबवते आहे. अभ्यास हातात आल्यावर संशोधक तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे गेले. वृत्तपत्रांनी विषय उचलला. हजारो पत्रके छापून बाजारांत आणि गिरण्यांत वाटली गेली, हळदीत रंग घालणे गुन्हा आहे, यात शिसे आहे, याने तुमच्याच मुलांचे नुकसान होते, असे सांगणारी. ढाक्याच्या शामबाजारात, जिथे मसाल्याचा घाऊक व्यापार चालतो, एक फिरते न्यायालय गेले. हातात मावणारे एक क्ष-किरण यंत्र असते, ते हळदीवर टेकवले की थोड्याच वेळात शिसे किती ते पडद्यावर येते. त्या यंत्राने तिथल्या तिथे तपासून दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड झाला, माल जप्त झाला आणि देशभर दूरचित्रवाणीवर ते लोकांनी पाहिले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. पॉलिशच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या रक्तातले शिसे साधारण ३० टक्क्यांनी उतरले. इतक्या थोड्या खर्चात, इतक्या थोड्या वेळात सार्वजनिक आरोग्यातले इतके मोठे काम झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

आपल्याकडचे चित्र काय आहे? भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून २०२०-२१ च्या हिवाळ्यात हळदीचे ३५६ नमुने घेतले गेले. त्यातल्या १४ टक्क्यांत दर ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे होते. पाटणा, कराची आणि पेशावर इथल्या काही नमुन्यांत ते हजाराच्या वर गेले. जास्त शिसे असलेल्या नमुन्यांत शिसे आणि क्रोमियम यांचे अणू जवळजवळ एकास एक निघाले. लेड क्रोमेटमध्ये ते नेमके तसेच असतात. म्हणजे हे शिसे शेतातल्या मातीतून आलेले नाही, ते रंगाच्या पोत्यातून आलेले आहे. सुट्या मालात ते जास्त होते, बंद पुड्यांत कमी. सुटे कोण घेतो ते मी सांगायला नको.

आपल्या कायद्यात हळदीत लेड क्रोमेट असता कामा नये असे स्वच्छ लिहिलेले आहे. शिशाची कमाल मर्यादा मात्र दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम आहे. बांगलादेशात ती अडीच आहे. मघाचा पाव ग्रॅमचा हिशोब इथे करून पाहा : कायद्याने चोख ठरलेल्या हळदीतूनही मुलाच्या पोटात अडीच मायक्रोग्रॅम जाऊ शकते, आणि त्याची दिवसाची मर्यादा २.२ आहे. ही मर्यादा खाली आणली पाहिजे. आणि ती खाली आणा म्हणून पहिला आवाज सांगली, वसमत, वायगाव या हळदीच्या गावांनी उठवला पाहिजे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांचा माल खरा आहे त्यांना कडक कसोटीची भीती नसते. उलट, रंगवलेल्या स्वस्त हळदीशी भावात झुंजताना खरे नुकसान त्यांचेच होते. बाजार समितीच्या आवारात, सौदा निघतो तिथेच, वजनकाट्याशेजारी ते क्ष-किरण यंत्र असावे. हळकुंड मोडून आत बघण्याची जी रीत वडिलांच्या पिढीने पाळली, तिचाच हा पुढचा भाग आहे.

आणि रंगाच्या पोत्यापर्यंत गेले पाहिजे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक रंग त्याच्या बाहेर आहेत. तेव्हा मसाल्याच्या पेठेजवळ लेड क्रोमेट कोण विकतो, कोण घेतो, याची नोंद ठेवणे हे पुडीमागून पुडी तपासण्यापेक्षा सोपे आहे. देवाच्या भंडाऱ्याबद्दलही हेच. जेजुरीला किंवा पट्टणकोडोलीला भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो, तो श्वासात जातो, कपाळाला लागतो, भाविक तो जिभेवर ठेवतात. त्याला खाण्याच्या हळदीचीच कसोटी लागावी. शेंदराची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. परंपरेने वापरला जाणारा शेंदूर हे शिशाचेच एक ऑक्साइड आहे. मारुतीच्या अंगावर तो शोभतो, पण लहान मुलाचे बोट त्याला लागून तोंडात जाऊ नये. आपल्या रसशास्त्राने शिशाला ‘नाग’ हे नाव दिले आहे. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना त्याचा स्वभाव नीट ठाऊक असला पाहिजे.

एक गोष्ट मात्र आपल्याला बांगलादेशाकडूनही शिकता येणार नाही, कारण ती त्यांच्याकडेही रुळलेली नाही : मुलांचे रक्त नियमित तपासणे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात काही लहानग्यांच्या नेहमीच्या रक्ततपासणीत शिसे वाढलेले दिसले. अधिकारी त्यांच्या घरी गेले, भिंती तपासल्या, पाणी तपासले, आणि शेवटी सफरचंदाच्या लगद्याच्या पुड्यांपर्यंत पोहोचले. त्यातल्या दालचिनीत लेड क्रोमेट होते. तोच पिवळा रंग, दुसऱ्या खंडात, दुसऱ्या मसाल्यात. पुढे चारशेहून अधिक बाधित मुले सापडली, माल बाजारातून मागे घेतला गेला. तिथे हे उजेडात आले, कारण मुलांचे रक्त आधीच कुणीतरी पाहत होते. आपल्याकडे १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचे रक्त शिशासाठी तपासले होते. त्या आकडेवारीवरच्या अभ्यासात ७६ टक्के मुलांच्या रक्तात ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे आढळले. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे होते. २००० साली ते देशभर बंद झाले, आणि हा फार मोठा विजय होता. पण त्यानंतरची मुले कशी आहेत हे पाहायला आपण पुन्हा तसे घरोघर गेलो नाही. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन आपण प्रत्येक उपकेंद्रात तपासतो. त्याच सुईच्या थेंबातून, निदान काही निवडक गावांत, शिसेही पाहता येईल. अंगणवाडीत मुलाचे वजन आणि दंडघेर मोजतो, तिथे वर्षातून एकदा हा थेंब घेता येईल. असे होत नाही तोवर कुठल्या वाटीतून काय जाते आहे ते आपल्याला मुलांच्या निकालपत्रावरूनही कळणार नाही.

हरिपूरचे पेव उघडले की कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड मोकळे करायचे, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, आणि मग माणूस सोडायचा. आत उतरणाऱ्याला ‘श्वास जपून घे’ असे सांगून कुणी खाली ढकलले, असे मी कधी ऐकले नाही. वर उभे असलेल्यांचे ते काम होते आणि ते त्यांनी पिढ्यानपिढ्या केले.

किशोरगंज, मैमनसिंग आणि टांगाईलच्या त्या ४३० बायकांच्या घरात आता बहुधा स्वच्छ हळद येत असेल. त्यांच्या हाडांतले शिसे मात्र अजून आहे, आणि पुढची वीस-तीस वर्षे थोडे थोडे सुटत राहील. त्या गरोदरपणातून जन्मलेली मुले आता शाळेत आहेत. आपल्याकडे दुधाचा दात पडला की कौलावर फेकतात, तिकडे उंदराच्या बिळात टाकतात. त्यांचे ते दात पोटात असतानाच घडायला लागले होते. आईने त्या वर्षी खाल्लेली हळद त्यांत अजून आहे.